हात मागे घ्या, मामा

मी शास्त्रज्ञ नाही. एकतीस वर्षं शास्त्रज्ञांची काचभांडी धुतली, एवढीच माझी शास्त्राशी ओळख. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर दिवाळी अंकात नाव छापून आलं की गावाकडची मंडळी मला शोधबिध लावणारा समजायची. आमच्या घरात मात्र माझ्याबद्दल असा गैरसमज कुणाचाच नाही.

परभणीतल्या एका संशोधन केंद्रात मी परिचर म्हणून लागलो आणि प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो. केंद्राचं नाव लिहीत नाही, माणसांचीही खरी नावं लिहीत नाही. तिथं पीएचडीची मुलं माती, धान्य, पाणी तपासायची. मला सगळे मामा म्हणायचे. प्रत्येक प्रयोगशाळेत एक मामा असतो. साहेब बदलतात, मामा तोच राहतो.

आमचं काम बाहेरून सोपं वाटतं. बाटली धुवायची, त्यात काय? पण आमच्याकडं बाटली आधी साबणानं धुवायची, मग दिवसभर आम्लात बुडवून ठेवायची, मग शुद्ध पाण्यानं तीनदा विसळायची. आत बोट लागलं तरी आकडा बदलतो. मातीतलं जस्त मोजायचं म्हणजे पोतंभर ज्वारीत बाजरीचे दोन दाणे शोधण्यासारखं आहे. शोधणाऱ्याच्या खिशात बाजरी असून चालत नाही.

जस्त मोजायचं मशीन वेगळ्या खोलीत होतं. माती वाळवून, कुटून, चाळून एका द्रावणात घुसळायची आणि गाळायची. ते गाळलेलं पाणी मशीन बारीक नळीनं ओढून घेतं आणि ज्योतीत उडवतं. ज्योतीच्या एका बाजूला जस्ताचा दिवा असतो, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा डोळा. पाण्यात जस्त जितकं जास्त, तितका उजेड वाटेतच खाल्ला जातो. बस, एवढंच. पण ज्योत पेटवायला गॅस लागतो, आणि त्याचा क्रम असतो. आधी धूर बाहेर ओढणारा पंखा, मग सांडपाण्याच्या नळीच्या वळणात पाणी आहे का ते बघायचं, मग हवा, मग गॅस, मग ठिणगी. बंद करताना आधी गॅस. क्रम चुकला तर मशीनही जातं आणि माणूसही.

त्या खोलीची चावी माझ्या करगोट्याला असायची. सरकारनं ती मला दिली नव्हती, मीच बांधून घेतली होती. कुणाला मशीनला हात लावू द्यायचा आणि कुणाला नाही, हे नियमानं गाईड सरांनी ठरवायचं. खरं तर मी ठरवायचो.

पुण्याहून शिकून आलेला अनिकेत नावाचा मुलगा होता. इंग्रजी फाडफाड बोलायचा. पहिल्याच आठवड्यात "मामा, चावी द्या" म्हणाला आणि मी दिली. वळणात पाणी आहे का हे त्यानं बघितलंच नाही. ज्योत आत शिरली, मोठा आवाज झाला आणि ज्योतीचं तोंड उडून टेबलावर पडलं. सर धावत आले. म्हणाले, शिकताना असं होतंच. मीही त्याला पाणी दिलं, चहा दिला, पाठीवर हात फिरवला. त्याच महिन्यात एका मुलीच्या हातून काचेची साधी पिपेट फुटली. तेव्हा पोरींचे हात थरथरतात म्हणून आठ दिवस अख्ख्या केंद्राला सांगत फिरणारा माणूस कोण? मीच. लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

जिंतूरकडच्या तांड्यावरचा प्रकाश हाही त्याच काळातला. दर शनिवारी आमच्याकडं चर्चा व्हायची. एकानं आपलं काम सांगायचं, बाकीच्यांनी शंका विचारायच्या. प्रकाश दोन वर्षं मागच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं एकही शंका विचारली नाही. चर्चा संपली की मी भांडी धुवत असायचो तिथं यायचा आणि हळूच विचारायचा, "मामा, सर काय म्हणले?" मी मला समजलेलं सांगायचो. त्याचे नमुने मीच मशीनवर लावून द्यायचो आणि आकड्यांचा कागद हातात ठेवायचो. पोरं सरांपेक्षा मला विचारतात, याचा मला भलताच अभिमान होता. पीएचडीच्या मुलाला भांडी धुणाऱ्याकडून शास्त्र विचारावं लागतंय, तर त्या जागेचंच काहीतरी बिघडलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या वर्षी प्रकाश यायचा बंद झाला. कुणी फारशी चौकशी केली नाही. मीही केली नाही.

त्यानंतर सारिका आली.

सारिका ताडकळसच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यापर्यंत. मागं दोन धाकट्या बहिणी असायच्या, त्यांचं खाणंपिणं आणि शाळा हिच्याकडं. सकाळी भाकरी थापून यायची आणि साडेपाचच्या गाडीनं परत जायची. ती गाडी चुकली की वस्तीवर दोन पोरी एकट्या. तिचा विषय होता आपल्या काळ्या मातीतलं आणि ज्वारीतलं जस्त. शेताशेतांतून माती तिनं स्वतः खणून आणली होती. तिच्या हाताचे घट्टे बघून मला बरं वाटायचं, की ही आपल्यातली आहे.

आपल्यातली म्हटल्यावर मी तिचं सगळं करायला लागलो.

काळ्या मातीची ढेकळं वाळली की दगड होतात. ती लाकडी खलातच कुटायची असतात आणि त्याला वेळ लागतो. पाच वाजले की सारिका घड्याळाकडं बघायला लागायची. मी म्हणायचो, तू जा, गाडी जाईल, मी कुटून ठेवतो. ती आधी नको म्हणायची, मग जायची. लाकडी खलात माझा खांदा भरून यायचा, म्हणून एक दिवस मी घरचा पितळी खलबत्ता आणला. चांगला जड होता. दोन ठोक्यांत ढेकूळ फुटायचं. चिंचेनं घासून लख्ख करून आणला होता, आपल्याकडून स्वच्छतेत कसूर नको. बायकोनं विचारलं, खलबत्ता कुठं गेला? म्हटलं, शास्त्राच्या कामाला गेलाय.

मशीनही मीच लावून द्यायचो. तिनं दोनदा विचारलं होतं, "मामा, मी लावून बघू का?" मी म्हणालो, कशाला, मी आहे ना. गाडीचं कारण खरंच होतं. पण आत आणखी एक कारण होतं, ते आज स्पष्टच लिहितो. तिच्या हातात मशीन द्यायची मला भीती वाटायची. मशीन एकदा अनिकेतनं उडवलं होतं, आणि भीती मला सारिकाची वाटत होती.

दर सहा महिन्यांनी कामाचा आढावा व्हायचा. बाहेरून दोन सदस्य यायचे, विद्यार्थ्यानं आकडे दाखवायचे. सारिकाच्या आढाव्याला मी नेहमीप्रमाणं दाराजवळ उभा होतो. चहा आणि पडद्याचं मशीन ही माझी कामं. तिनं तक्ते दाखवले आणि सदस्यांतले एक वयस्कर गृहस्थ पुढं झुकले. एकाच शेतातल्या एकाच मातीचे दोन भाग, आणि एकात जस्त दुसऱ्याच्या तिप्पट? असं एका ठिकाणी नाही, बऱ्याच ठिकाणी होतं. त्यांनी विचारलं, माती कशात कुटली? मोजणी जुळवायला मशीनवर प्रमाण द्रावणं कुठली लावली होती? ज्योत किती वेळ आधी पेटवली?

तिला काहीच सांगता येईना, कारण तिनं ते केलंच नव्हतं. ते मी केलं होतं. सदस्य म्हणाले, "बाई, हे आकडे मोजलेले दिसत नाहीत. बसून लिहिलेले दिसतात." सरांनी मान खाली घातली. ठरलं असं, की महिन्याभरात सगळं काम पुन्हा करून दाखवायचं. जमलं नाही, तर नोंदणी रद्द.

त्या वेळी खलबत्त्याचं मला कळलेलं नव्हतं. पण हात माझे होते, एवढं तर ठाऊक होतं. सारिकानं एकदा दाराकडं बघितलं. मी कपबशा गोळा करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी ती दहा वाजता आली ती तडक वही घेऊन माझ्या टेबलावर. रडलेली वाटत नव्हती. रात्री बहिणींना झोपवून तिनं वहीतल्या तारखा बघितल्या होत्या. कुठली माती कुठल्या दिवशी कुटली, हे तिनं बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं.

"मामा, जे आकडे वाढलेत ना, ते सगळे मी लवकर गेले त्या दिवशीचे हायेत," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी कशात कुटलं?"

मी कपाटातून खलबत्ता काढून दिला. तिनं तो हातात घेतला, उलटा करून आतलं बूड बघितलं. ठोक्यांनी पितळ खरवडलं गेलं होतं, आत बारीक पिवळी चमक होती. मग हळूच म्हणाली, "पितळात जस्त असतं मामा."

एकतीसमधली सव्वीस वर्षं मी तिथं काढली होती. बाटलीत बोट घातलं म्हणून पोरांवर ओरडणारा माणूस मी, आणि माझ्याच खिशात बाजरी होती. मी म्हणालो, थांब, मी आत्ता सगळं परत कुटतो, मशीन लावतो, आठ दिवसांत काढून देतो सगळं. आणि करगोट्याची चावी सोडायला लागलो.

"न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला काल एकाबी गोष्टीचं उत्तर देता आलं न्हाई. तुमी लय केलं माझ्यासाठी, पण आता माझं काम मला करू द्या. चावी मला द्या. तुमी हात मागं घ्या, अन् तोंडानं सांगा."

माझ्या आयुष्यात मला इतकं अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. मी मशीनपासून दोन हात लांब उभा राहिलो, हात पाठीमागं बांधले आणि सांगत गेलो. पंखा. वळणात पाणी. हवा. तिनं गॅसची चावी उलट्या बाजूला फिरवली तेव्हा माझा उजवा हात आपोआप पुढं आला. ती म्हणाली, "मामा." मी हात मागं नेला आणि तोंडानं सांगितलं, दुसऱ्या बाजूला. दोनदा ठिणगी पडली आणि पेटलं नाही. तिसऱ्यांदा निळी ज्योत उभी राहिली, सरळ. सारिका हसली नाही की काही नाही, नळीकडं बघत राहिली. मला मात्र पंख्याखाली उभं राहून डोळे पुसावे लागले.

पहिलं काम तिनं असं केलं, की एकच माती घेऊन तिचे दोन भाग केले. अर्धी लाकडात कुटली, अर्धी माझ्या पितळात. दोन्हींचं गाळलेलं पाणी मशीनवर लावलं. पितळातला आकडा तिप्पट आला. चोर सापडला होता.

पुढचे तीन आठवडे तिनं मातीचे सगळे नमुने पुन्हा कुटले. शेजारची एक म्हातारी संध्याकाळी तिच्या बहिणींजवळ बसायला तयार झाली, म्हणून सारिका कधीकधी शेवटच्या गाडीनं जायची. ही सोय तिनं दोन दिवसांत लावली. मी वर्षभरात तिला विचारलंही नव्हतं, की गाडीचं दुसरं काही जमेल का. मी थेट तिचं काम उचललं होतं. ती मशीनवर असली की आणखी दोघंतिघं दारात येऊन उभे राहायचे, सगळे मागच्या खुर्चीवर बसणारे. एका मुलीनं विचारलं, "मामा, आमालाबी सांगताल का असं?" मी सांगायला लागलो. माझे हात मागं, त्यांचे पुढं.

आढावा पुन्हा आला. सारिकानं नवे आकडे दाखवले, आणि जुनेही दाखवले. लपवलं नाही. पितळी खलात कुटल्यामुळं हे आकडे वाढले, असं सांगून तिनं त्या दोन भागांचा प्रयोग मांडला. तेच सदस्य पुन्हा पुढं झुकले.

"पितळात जस्त असतं, एवढं तुम्हाला माहीत नव्हतं? पीएचडी करता ना?"

या वेळी तिला उत्तर ठाऊक होतं. माझं नाव घेतलं असतं तर सुटली असती. मला हेही कळत होतं, की नाव घेतलं तर काम दुसऱ्याकडून करून घेतलं असा नवा ठपका बसणार. दोन्हीकडून तीच मरणार होती.

त्या खोलीत मी इतक्या वर्षांत "चहा घ्या साहेब" याच्यापलीकडं काही बोललेलो नव्हतो. मी म्हणालो, "साहेब, खलबत्ता माझा."

सगळे वळून बघायला लागले. मी सांगून टाकलं. घरून मी आणला, कुटलं मी, मशीन मी लावलं. तिनं दोनदा मागितलं होतं, मी दिलं नाही. सदस्यांनी विचारलं, का? मी म्हणालो, "तिची गाडी चुकू नये म्हणून. अन् तिच्या हातानं मशीन बिघडंल, असं मला वाटायचं म्हणून."

सर तेव्हा पहिल्यांदा बोलले. "मामा, तुम्ही कुणाकुणाची कामं अशी करून देत होता?"

मी नावं घ्यायला लागलो. चारपाच नावं झाली आणि माझंच मला ऐकू यायला लागलं. सगळ्या मुली, वस्तीवरची आणि तांड्यावरची पोरं. अनिकेतचं नाव त्यात नव्हतं. पुण्याहून, संभाजीनगरहून आलेल्यांपैकी एकाचंही नव्हतं. मी मधेच थांबलो. सरांनीही पुढं विचारलं नाही.

सारिकाची नोंदणी टिकली. त्या सदस्यांनी तिला मशीनच्या खोलीत नेऊन ज्योत पेटवायला लावली, तिनं पेटवली. वळणातलं पाणी आधी बघितलं. ते म्हणाले, हा पितळाचा तक्ता प्रबंधात राहू द्या, लोकांच्या उपयोगाचा आहे. माझा खलबत्ता असा शास्त्रात गेला. मला कार्यालयातून खुलासा मागणारं पत्र आलं, मी चार ओळी लिहून दिल्या. सरांना कुणीही पत्र दिलं नाही, पण त्यांनी पुढच्या सोमवारी माझ्याकडून चावी मागून घेतली आणि दाराशेजारच्या खिळ्याला टांगली. खाली वही ठेवली. ज्याला मशीन हवं त्यानं आपलं नाव लिहायचं. नव्या मुलानं किंवा मुलीनं पहिल्या महिन्यात ज्योत स्वतः पेटवायची, मामानं हात मागं बांधून उभं राहायचं. शनिवारच्या चर्चेत पहिली शंका सगळ्यांत नव्यानं विचारायची, मराठीत विचारली तरी चालेल. पहिले काही शनिवार नुसती शांतता असायची. सर थांबायचे. आधी ते थांबत नसत.

सगळं सुधारलं असं नाही. इंग्रजीवर हसणारे हसायचेच. एक मुलगी मधेच सोडून गेली, तिला थांबवता आलं नाही. पण भांडी धुताना मला शंका विचारायला येणारं कुणी उरलं नाही. पहिले काही महिने मला त्याचं वाईट वाटलं, हेही कबूल करतो.

मी निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. सारिका डॉक्टर झाली आणि सेलूच्या एका महाविद्यालयात शिकवते. तिथं तिनं जुनं मशीन मिळवून प्रयोगशाळा उभी केलीय. मागच्या हिवाळ्यात तिनं मला बोलावलं, मामा, एकदा बघून जा. मी रेल्वेनं गेलो. स्टेशनातून येताना बाजारात बियाणाच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली. प्रकाश. दुकान त्याचं स्वतःचं होतं, अंगानं भरला होता. त्यानं चहा पाजला, पोरांचे फोटो दाखवले. निघताना सहज म्हणाला, "मामा, ते मशीन हाय का अजून? ते पेटतंय कसं, मला कधी बघायलाच भेटलं न्हाई."

मी त्याला म्हणालो, चल माझ्याबरोबर, आत्ता दाखवतो. तो हसला. म्हणाला, "आता काय करू बघून?" आणि गिऱ्हाईकाकडं वळला. मी रस्त्यावर आलो. माफी मागायला हवी होती, पण ती कशाची हे त्याला समजावून सांगावं लागलं असतं, आणि दुकानात गर्दी होती.

सारिकाच्या प्रयोगशाळेत चारठाण्याकडची एक नवी मुलगी पहिल्यांदाच मशीनवर होती. ओढणी कमरेला खोचलेली, ओठ घट्ट मिटलेले. सारिका तिच्यापासून दोन हात लांब उभी होती. मी सारिकाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मुलीनं पंखा लावला, वळणातलं पाणी बघितलं, हवा सोडली. मग गॅसची चावी उलटी फिरवली, सारिकानं फिरवली होती तशीच. ठिणगी पडली, पेटलं नाही. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पाचला पाच कमी. मी ते बघणं ओळखलं आणि माझा उजवा हात पुढं गेला.

सारिकानं माझ्याकडं बघितलं. तिचे दोन्ही हात पाठीमागं होते. मी माझा हात मागं घेतला.

मुलीनं गॅस बंद केला, थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा पेटलं नाही. चौथ्या खेपेला निळी ज्योत उभी राहिली. तोपर्यंत तिची पाचची गाडी गेली होती. तासाभरानं दुसरी होती, त्या गाडीनं ती गेली.